क्वेरी इंजिन आणि टास्क शेड्युलर : टप्प्याटप्प्याने झालेली जडणघडण

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे क्वेरीचे, उत्तर शोधून देणारा भाग म्हणजे क्वेरी इंजिन. प्रश्न एसक्यूएल भाषेत येतो. त्यात काय हवे एवढेच लिहिलेले असते. ते कसे शोधायचे हे लिहिलेले नसते. शोधण्याची रीत, म्हणजे योजना, ठरवणे आणि ठरलेली रीत पार पाडणे ही इंजिनाची दोन मुख्य कामे. एकाच वेळी अनेक प्रश्न आले, किंवा एकाच प्रश्नाचे काम अनेक प्रोसेसरांवर वाटायचे असले, की तिसरे काम उभे राहते : कोणते काम कुठे, केव्हा आणि किती वेळ चालवायचे हे ठरवणे. ते टास्क शेड्युलरचे काम.

ही तिन्ही कामे करणारी प्रणाली एका दमात लिहून पूर्ण होत नाही. दीर्घकाळ टिकलेली इंजिने छोट्या छोट्या भरींनी वाढली, आणि प्रत्येक भरीनंतर आधीच्या प्रश्नांची उत्तरे आधीसारखीच येत राहिली. अशी वाढ कशामुळे शक्य होते, तिचा क्रम कोणता आणि ती कुठे अडते, हा या आढाव्याचा विषय आहे.

विवेचनासाठी यवतमाळ जिल्ह्यातील पीकनोंदींचे उदाहरण सोयीचे आहे. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकरी आपल्या शेतातील पिकाची नोंद मोबाइलवरून करतो आणि ती गाव नमुना 12 मध्ये जाते. अशा नोंदींचे एक काल्पनिक टेबल घेऊ : जिल्ह्याचे 16 तालुके, 16 लाख ओळी, प्रत्येक ओळ सुमारे 100 बाइटची, स्तंभ तालुका, गाव, खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम, पीक आणि क्षेत्र. हे आकडे केवळ हिशेबापुरते आहेत. या टेबलाला दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. पहिला छोटा : एका खातेदाराची या खरिपातली नोंद दाखवा. दुसरा मोठा : कापसाखालचे क्षेत्र तालुकानिहाय सांगा.

पाया : चालवणारा भाग

इंजिनाची सुरुवात चालवणाऱ्या भागापासून होते. टेबलातली पाने, म्हणजे डिस्कवरचे ठरावीक आकाराचे तुकडे, एकेक करून वाचणे, अट लागू होते का ते पाहणे आणि जुळणारी ओळ पुढे देणे, एवढे जमले की कोणत्याही साध्या प्रश्नाचे बरोबर उत्तर मिळते. ते संथ असते, पण बरोबर असते. पुढच्या प्रत्येक सुधारणेची तपासणी याच संथ उत्तराशी ताडून करता येते.

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल प्रारूप मांडले. त्यावर आधारलेली प्रणाली प्रत्यक्षात आणण्यासाठी आयबीएमने सॅन होजे येथे 1974 मध्ये सिस्टिम आर हा प्रकल्प हाती घेतला. त्याचा पहिला टप्पा 1974-75 मधला. त्यात एकच वापरकर्ता असे, एसक्यूएलचा मोजकाच भाग चाले आणि दोन टेबले जोडण्याची जॉइन ही क्रियाही नव्हती. हा नमुना शिकून झाल्यावर टाकून द्यायचा, असेच ठरले होते. त्यानंतर 1976-77 मध्ये अनेक वापरकर्त्यांची पूर्ण प्रणाली लिहिली गेली आणि 1978-79 मध्ये तिची प्रत्यक्ष वापरातून परीक्षा झाली. पहिल्या नमुन्यातून मिळालेला एक धडा फार मोलाचा ठरला. त्यात योजनेचा खर्च मोजताना किती ओळी आणल्या एवढेच पाहिले जाई. प्रत्यक्षात वेळ जातो डिस्कवरील पाने वाचण्यात आणि प्रोसेसरच्या श्रमात. पुढच्या टप्प्यात खर्चाचे माप या दोन्हींवर बेतले गेले.

चालवणाऱ्या भागाला आजचे सर्वपरिचित रूप देण्यात गोएट्झ ग्रेफे यांच्या व्होल्कॅनो या प्रणालीचा वाटा मोठा आहे. त्यात प्रत्येक क्रिया, मग ती वाचन असो, गाळणी असो, वर्गीकरण असो की बेरीज, तीन हाकांना ओ देते : उघड, पुढची ओळ दे, बंद कर. वरची क्रिया खालच्या क्रियेकडे ओळ मागते. खालची ती कुठून आणते याच्याशी वरचीला कर्तव्य नसते. वाढीच्या दृष्टीने या मांडणीचे महत्त्व फार आहे. नवी क्रिया लिहिताना जुन्या क्रियांना हात लावावा लागत नाही. ग्रेफे यांनी समांतर कामही याच पद्धतीने आणले. एक्सचेंज नावाची एक वेगळी क्रिया योजनेत बसवली की तिच्या खालचे काम अनेक प्रोसेसांत चालते आणि बाकीच्या क्रियांना त्याचा पत्ताही नसतो. दोन भागांतला करार जितका लहान आणि स्पष्ट, तितकी पुढची भर सोपी, हे तत्त्व या रचनेत स्वच्छ दिसते.

योजना : नियमांकडून खर्चाकडे

एकच उत्तर अनेक वाटांनी मिळते. उदाहरणातल्या टेबलाचा आकार सुमारे 160 एमबी होतो. 8 केबीचे एक पान धरले तर जवळपास 20 हजार पाने. एका खातेदाराची नोंद शोधण्यासाठी ही सगळी पाने चाळता येतात, किंवा खाते क्रमांकावर इंडेक्स असेल तर मोजक्या पानांत काम भागते. उलट सगळ्या जिल्ह्याचे कापूस क्षेत्र हवे असेल आणि निम्म्याहून अधिक ओळी कापसाच्या असतील, तर इंडेक्सची वाट महाग पडते आणि सलग वाचन स्वस्त ठरते.

ही निवड सुरुवातीला ठरीव नियमांनी करता येते : अट आधी लावा, नको असलेले स्तंभ लवकर गाळा, इंडेक्स असल्यास वापरा. पहिले दोन नियम सहसा फायद्याचे असतात. तिसरा मात्र डेटा पाहिल्याशिवाय लावता येत नाही. म्हणून पुढची पायरी म्हणजे खर्चाचा अंदाज. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 च्या निबंधात सिस्टिम आरचा ऑप्टिमायझर, म्हणजे योजना निवडणारा भाग, मांडला. टेबलांविषयीची आकडेवारी जवळ ठेवायची, प्रत्येक अटीतून किती ओळी उरतील याचा अंदाज करायचा आणि लहान जोडण्यांच्या सर्वांत स्वस्त योजनांवरून मोठ्या जोडण्यांच्या योजना रचायच्या, ही पद्धत आजही अनेक इंजिनांच्या मुळाशी आहे.

अंदाज चुकतो तो बहुधा एका गृहीतकामुळे. दोन अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरून त्यांची प्रमाणे गुणली जातात. तालुका झरी जामणी आणि गाव मुकुटबन अशा दोन अटी घेऊ. टेबलात 2 हजार गावे आणि सर्वत्र सारख्या नोंदी धरल्या, तर एका गावाच्या 800 ओळी होतात. मुकुटबन हे गाव झरी जामणी तालुक्यातच असल्यामुळे तालुक्याच्या अटीने काहीही गळत नाही. पण इंजिन 800 ला 16 ने भागते आणि 50 ओळींचा अंदाज काढते. या एका अंदाजातली 16 पट चूक पुढच्या प्रत्येक जोडणीत वाढत जाते, आणि थोड्या ओळींना योग्य असणारी जोडणीची रीत जास्त ओळींवर लादली जाते. पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेस प्रणालीच्या 10 व्या आवृत्तीत (2017) यावर एक नेमकी भर पडली. कोणते स्तंभ एकमेकांवर अवलंबून आहेत हे प्रशासकाने सांगितले की त्या संबंधाची आकडेवारी वेगळी ठेवली जाते. ऑप्टिमायझर तोच राहिला, त्याला मिळणारी माहिती सुधारली.

मुंबईतील संशोधन

ऑप्टिमायझरच्या अशा वाढीत आयआयटी मुंबईच्या डेटाबेस गटाने मोलाची कामगिरी केली आहे. एस. सुदर्शन हे या गटातले प्रमुख नाव. आब्राहम सिल्बरशात्झ आणि हेन्री कोर्थ यांच्यासह त्यांनी लिहिलेले डेटाबेसचे पाठ्यपुस्तक जगभर शिकवले जाते. प्रसन रॉय, एस. शेषाद्री, एस. सुदर्शन आणि सिद्धेश भोबे यांनी 2000 मध्ये एकत्र आलेल्या अनेक प्रश्नांच्या नियोजनावर निबंध प्रसिद्ध केला. तालुकानिहाय कापूस, तालुकानिहाय सोयाबीन आणि जिल्ह्याची एकूण पेरणी असे तीन प्रश्न एकदम आले, तर त्यांतला खरीप नोंदी गाळण्याचा भाग सामाईक असतो. तो एकदाच करून साठवला तर तिन्ही प्रश्नांना उपयोगी पडतो. मात्र साठवण्यालाही खर्च येतो. म्हणून कोणता भाग साठवावा हे खर्चावरूनच ठरवावे लागते. या संशोधकांनी नवा ऑप्टिमायझर आरंभापासून न रचता व्होल्कॅनोच्या शोधपद्धतीतच ही निवड बसवून दाखवली.

दुसरी दिशा प्रोग्रामच्या आतल्या प्रश्नांची. अनेक कार्यालयीन प्रणालींत प्रत्येक खातेदारासाठी एकेक स्वतंत्र क्वेरी पाठवणारे लूप असतात. दहा हजार खातेदार म्हणजे दहा हजार फेऱ्या. रवींद्र गुरवन्नवर आणि सुदर्शन यांनी 2008 मध्ये अशी लूप असलेली प्रोसिजर आपोआप बदलून सगळ्या खातेदारांसाठी एकच एकत्रित प्रश्न तयार करण्याची पद्धत मांडली. आयआयटी मुंबईतच या विषयावर पीएचडी केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि तिथे फ्रॉइड हे तंत्र विकसित झाले. एसक्यूएलच्या आत लिहिलेल्या छोट्या फंक्शनचे रूपांतर ते थेट रिलेशनल क्रियांत करते, म्हणजे पुढचे सगळे काम आधीपासून असलेला ऑप्टिमायझर करू शकतो. एसक्यूएल सर्व्हर 2019 मध्ये ही सोय आली. नंतरच्या दुरुस्त्यांत काही प्रकारची फंक्शने तिच्यातून वगळण्यात आली. नवी भर आधी व्यापकपणे लागू करायची आणि जिथे उत्तर बदलण्याचा धोका दिसेल तिथे तिच्याभोवती कुंपण घालायचे, ही वाढीची नेहमीची रीत आहे.

समांतर अंमलबजावणी : पोस्टग्रेएसक्यूएलचा प्रवास

टप्प्याटप्प्याने होणाऱ्या वाढीचे सर्वांत बोलके उदाहरण पोस्टग्रेएसक्यूएलमधील समांतर क्वेरीचे आहे. बर्कली विद्यापीठात 1986 मध्ये सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून हे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले. त्यात वापरकर्त्याच्या प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस असते आणि दीर्घकाळ एक क्वेरी एकाच प्रोसेसवर चालत असे. या रचनेत समांतरता आणायला अनेक आवृत्त्या लागल्या.

आवृत्ती 9.3 मध्ये (2013) पार्श्वभूमीवर चालणाऱ्या कामगार प्रोसेसची सोय आली. 9.4 मध्ये असे कामगार गरजेप्रमाणे सुरू करता येऊ लागले आणि त्यांच्यात वाटून घेण्याजोगी मेमरी आयत्या वेळी तयार करता येऊ लागली. 9.5 मध्ये समांतर कामासाठी लागणारी अंतर्गत यंत्रणा बसली. या भरींमुळे तीन वर्षांत सामान्य वापरकर्त्याची एकही क्वेरी वेगवान झाली नव्हती. पुढच्या मजल्याचे खांब मात्र उभे राहिले होते. 2016 च्या 9.6 मध्ये समांतर सलग वाचन, जोडणी आणि बेरीज प्रत्यक्षात आली. तीही आपोआप सुरू होत नसे : एका क्वेरीला मिळणाऱ्या कामगारांची मूळ मर्यादा शून्य ठेवली होती. वर्षभराच्या अनुभवानंतर 10 व्या आवृत्तीत ती 2 झाली.

9.6 मधील समांतर हॅश जॉइनमध्ये प्रत्येक कामगार हॅश टेबलाची स्वतःची प्रत बांधत असे. काम वाटले जाई, पण मेमरी आणि प्रत बांधण्याचे श्रम कामगारांच्या संख्येने वाढत. 2018 च्या 11 व्या आवृत्तीत थॉमस मुन्रो यांच्या कामामुळे सगळे कामगार एकच सामाईक हॅश टेबल मिळून बांधू लागले. या साऱ्या वाटचालीत एंटरप्राइजडीबी या कंपनीतील भारतीय अभियंत्यांचा सहभाग ठळक आहे; कंपनीचे मोठे कार्यालय पुण्यात आहे. रॉबर्ट हास यांच्यासह अमित कपिला यांनी समांतर क्वेरीचा पाया घातला. कामगारांकडून आलेल्या क्रमवार ओळींचा क्रम न मोडता त्या एकत्र करणारी गॅदर मर्ज ही क्रिया 10 व्या आवृत्तीत रुषभ लाठिया यांनी आणली. अनेक विभागांचे वाचन कामगारांत वाटणारी पॅरलल अपेंड ही क्रिया 11 व्या आवृत्तीत आली; तिच्या श्रेयनामावलीत अमित खांडेकर यांचे नाव आहे.

टेबलाचे विभाग पाडण्याची कथाही अशीच समांतर चालली. पीकनोंदींचे टेबल तालुक्यांनुसार 16 विभागांत ठेवले तर वणी तालुक्याच्या प्रश्नासाठी बाकीचे 15 विभाग उघडावेच लागत नाहीत. 10 व्या आवृत्तीत विभाग जाहीर करण्याची सुटसुटीत भाषा आली. 11 मध्ये अमूल सुल यांच्या कामातून हॅशवर आधारित विभागणी आली, आणि कोणते विभाग वगळायचे हे क्वेरी चालू असतानाही ठरू लागले. दोन टेबले सारखीच विभागलेली असतील तर विभागास विभाग जोडण्याची सोय आशुतोष बापट यांनी, आणि विभागवार बेरजेची सोय जीवन चाळके व सहकाऱ्यांनी त्याच आवृत्तीत दिली. या दोन्ही सोयी मुळात बंद ठेवल्या गेल्या, कारण त्यांमुळे योजना शोधण्याचा वेळ आणि मेमरी वाढते. फायदा प्रत्येक क्वेरीला मिळत नसेल तर खर्चही प्रत्येक क्वेरीवर पडू नये, हा विचार त्यामागे आहे.

टास्क शेड्युलर

समांतरता आली की वाटणीचा प्रश्न येतो. पोस्टग्रेएसक्यूएल टेबलाच्या आकारावरून कामगारांची संख्या ठरवते : 8 एमबीला एक, आणि आकार तिप्पट झाला की आणखी एक. म्हणजे 24 एमबीला दोन, 72 एमबीला तीन, 216 एमबीला चार. उदाहरणातल्या 160 एमबीच्या टेबलाला या हिशेबाने तीन कामगार मिळतील, पण एका क्वेरीची मूळ मर्यादा 2 असल्यामुळे दोनच लागतील. ही संख्या योजना करताना ठरते. क्वेरी सुरू होताना कामगार मोकळे नसतील तर कमी मिळतात, एकही नसेल तर मुख्य प्रोसेस एकटी काम पूर्ण करते, आणि उत्तर तेच येते.

प्रत्येक कामगाराला आधीच सारखा हिस्सा देऊन चालत नाही. यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या वाट्याला जास्त ओळी आणि मारेगावच्या वाट्याला कमी असतील, तर काही कामगार लवकर मोकळे होतात आणि उरलेल्यांची वाट पाहत बसतात. म्हणून काम मागेल त्याला पुढचा लहान तुकडा देणे ही चांगली पद्धत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आरंभी एका वेळी एकेक पान दिले जाई. तुकडा फार लहान असला की वाटणीचेच श्रम वाढतात आणि डिस्कवरचे वाचनही विस्कळीत होते. म्हणून 14 व्या आवृत्तीत सलग पानांचे गट देणे सुरू झाले. वाचन संपत आले की गट लहान होत जातात, म्हणजे सगळे कामगार जवळपास एकाच वेळी मोकळे होतात.

म्युनिकमधील हायपर या प्रणालीने याच कल्पनेवर संपूर्ण शेड्युलर उभा केला. विक्टर लाइस, पीटर बोंझ, आल्फोन्स केम्पर आणि थॉमस नॉयमान यांच्या 2014 च्या निबंधात सुमारे एक लाख ओळींचा तुकडा हे कामाचे एकक सुचवले आहे. प्रत्येक प्रोसेसर कोअरवर एकच थ्रेड कायम असतो. एक तुकडा संपला की तो शेड्युलरकडून पुढचा घेतो, शक्यतो आपल्या जवळच्या मेमरीतला. या रीतीने समांतरतेचे प्रमाण क्वेरी चालू असतानाच बदलता येते. जिल्ह्याचा मोठा अहवाल सगळे कोअर वापरत असताना एका खातेदाराचा छोटा प्रश्न आला, तर तुकड्याच्या सीमेवर काही कोअर त्याच्याकडे वळवता येतात. चालू काम मोडावे लागत नाही.

कोणाकडे आधी वळायचे, हा पुढचा टप्पा. आल्याच्या क्रमाने काम घेतले तर दहा मिनिटांच्या अहवालामागे एका क्षणाचे शेकडो प्रश्न खोळंबतात. सर्वांना सारखा वेळ दिला तर स्थिती सुधारते. त्याहून चांगला उपाय म्हणजे क्वेरी जितका जास्त वेळ चालेल तितके तिचे प्राधान्य हळूहळू कमी करणे. त्यामुळे कोणती क्वेरी छोटी आहे याचा आधी अंदाज करावा लागत नाही, छोट्या क्वेरी आपसूक लवकर सुटतात. म्युनिकच्याच अंब्रा प्रणालीवरील 2021 च्या निबंधात अशी घटती प्राधान्ये वापरली आहेत. मात्र मोठ्या कामाचे प्राधान्य ठरावीक पातळीखाली उतरू द्यायचे नसते, नाहीतर अहवाल कधीच पूर्ण होणार नाही. खरिपाच्या दिवसांत गावोगावचे शेतकरी नोंदी करत असताना जिल्हा कार्यालयातही अहवाल हवाच असतो. दोघांनाही वाजवी वेळात उत्तर मिळणे, ही शेड्युलरची खरी कसोटी.

प्राधान्याइतकीच महत्त्वाची आणखी दोन कामे शेड्युलरकडे असतात. एक म्हणजे मेमरीची मर्यादा : एकाच वेळी किती मोठ्या क्वेरी आत घ्यायच्या आणि कोणत्या दाराशी थांबवायच्या. दुसरे म्हणजे रद्द करणे : वापरकर्त्याने क्वेरी थांबवली तर तिचे सगळे तुकडे थांबले पाहिजेत आणि घेतलेली मेमरी परत मिळाली पाहिजे. ही कामे मागाहून जोडणे अवघड जाते. म्हणून शेड्युलर अगदी साधा असतानाच प्रत्येक तुकड्याच्या सीमेवर ‘थांबायचे आहे का’ ही विचारणा ठेवलेली बरी.

आतल्या फेरीचा वेग

व्होल्कॅनोच्या पद्धतीत प्रत्येक ओळीसाठी प्रत्येक क्रियेला हाक जाते. डेटा डिस्कवर असताना हा खर्च जाणवत नसे. तो मेमरीत मावू लागल्यावर हाच खर्च मुख्य ठरला. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतील मोनेटडीबी/एक्स100 ने 2005 मध्ये एका हाकेत एक ओळ न देता स्तंभांतील मूल्यांचा गट देण्याची रीत मांडली. त्याच संस्थेत जन्मलेले डकडीबी मुळात 2,048 मूल्यांचा गट वापरते. दुसरी रीत म्हणजे त्या त्या क्वेरीसाठी यंत्रभाषेतला कोड तयार करणे. ती नॉयमान यांनी 2011 मध्ये हायपरसाठी मांडली. पोस्टग्रेएसक्यूएलने 11 व्या आवृत्तीत अटी तपासण्यासारख्या निवडक कामांपुरती ती स्वीकारली आणि आधी बंद ठेवून 12 व्या आवृत्तीत सुरू केली. कोड तयार करायलाही वेळ लागतो, म्हणून अंदाजित खर्च एका मर्यादेच्या वर गेला तरच ही वाट घेतली जाते.

तपासणी

प्रत्येक भरीनंतर जुनी उत्तरे बदलली नाहीत ना, हे दाखवणारी चाचणी नसेल तर हळूहळू वाढणारे इंजिन हळूहळू बिघडतेही. पहिला आधार म्हणजे उत्तरासह साठवलेल्या क्वेरींचा संच. प्रत्येक बदलानंतर तो पूर्ण चालवायचा. दुसरा, एकच क्वेरी वेगवेगळ्या योजनांनी चालवून उत्तरे ताडणे : इंडेक्स बंद करून, समांतरता बंद करून, जॉइनची रीत बदलून. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अशा बहुतेक रीती प्रशासकाला बंद-चालू करता येतात, त्यामुळे ही तुलना सोपी जाते. तिसरा, चाचणीसाठी योग्य डेटा. आयआयटी मुंबईतील एक्सडेटा प्रकल्पाने क्वेरीतल्या संभाव्य चुका, जसे आउटर जॉइनऐवजी इनर जॉइन, उघड्या पाडणारा छोटा डेटा आपोआप तयार करण्यावर काम केले.

वेगाची मोजणी वेगळी ठेवावी लागते. योजनेत अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष आलेल्या ओळी शेजारी शेजारी दाखवणारी सोय लवकर बांधली, तर पुढची भर कुठे घालायची हे ती सोयच सांगते. मुकुटबनच्या उदाहरणातील 50 आणि 800 यांचा फरक अशाच ठिकाणी उघड होतो.

क्रम आणि मर्यादा

वरच्या सगळ्या उदाहरणांतून एक क्रम दिसतो. आधी बरोबर उत्तर देणारा साधा चालक. मग चाचण्या आणि मोजणी. मग इंडेक्स आणि नियम. त्यानंतर आकडेवारी आणि खर्च. त्यापुढे विभागणी, समांतरता आणि शेड्युलर. आणि शेवटी आतल्या फेरीचा वेग. सर्व इंजिने याच क्रमाने गेली असे नाही, पण पायरी गाळली की तिची किंमत पुढे द्यावी लागते. खर्चाचा अंदाज कच्चा असताना समांतरता आणली, तर चुकीचीच योजना अनेक कोअरवर धावते.

या वाढीची मर्यादा भागांमधल्या करारापाशी येते. करार तोच असेपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना सुधारणा होत राहतात; करारच अपुरा पडला की एक मोठा बदल अटळ ठरतो. पोस्टग्रेसने 1990 च्या दशकाच्या मध्यात स्वतःची पोस्टक्वेल ही भाषा सोडून एसक्यूएल स्वीकारली. डकडीबीने 2021 मध्ये वरून ओळी मागण्याची पद्धत सोडून खालून ओळी वर ढकलण्याची पद्धत घेतली, कारण कामाची वाटणी आणि थांबवणे शेड्युलरच्या हाती देण्यासाठी ती अधिक सोयीची होती. अशा वेळी वाचवतो तो चाचण्यांचा संच. आतली यंत्रणा बदलली तरी बाहेरची उत्तरे तीच आहेत, हे तोच सिद्ध करतो.

हे काम शिकण्यासाठी मोठ्या कंपनीचे दार लागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल आणि डकडीबी या दोन्हींचा स्रोत खुला आहे. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय यांतील विद्यार्थ्यालाही हा स्रोत साध्या संगणकावर चालवून, आपल्या तालुक्याच्या नोंदींचा नमुना टाकून, प्रत्येक पायरीचा परिणाम मोजता येतो. पहिली भर एखाद्या चुकीच्या अंदाजाची नोंद किंवा एखादी नवी चाचणी असू शकते. जगातील मोठी इंजिने अशाच, एकावेळी एक आणि तपासून घातलेल्या भरींनी मोठी झाली आहेत.